बँजो कुणाचा?

येत्या महिन्यात पुण्यात काही नव्या बँडांची मैफल आहे. जाहिरातीत ‘सदर्न रॉक’ आणि ‘अमेरिकाना’ असे दोन शब्द ठळक छापले असून खाली ‘मातीतले संगीत’ असे म्हटले आहे. महाळुंग्याच्या औद्योगिक वसाहतीत पाळ्या करणारी, आमच्या अभ्यासवर्गातली चार-पाच मुले तिला जाणार आहेत. त्यांतल्या एकाने विचारले, ‘सर, हे संगीत आपलं म्हणावं का?’

प्रश्न टाळण्यासारखा नाही. १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिले. १९७२ साली दलित पँथरने नावच काळ्यांच्या लढ्यावरून घेतले. जनार्दन वाघमारे यांनी काळ्यांचे साहित्य मराठी वाचकापुढे मांडले. कविता आणि आत्मकथन यांच्याशी आपण नाते सांगितले. संगीताची चिकित्सा मात्र करायची राहिली. मैफलीआधीच ती केलेली बरी.

सदर्न रॉक म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत १९७० च्या आसपास घडलेले रॉक. कापसाच्या मळ्यांवर जेथे गुलाम राबले आणि १८६५ साली गुलामी कायद्याने संपल्यावरही जेथे काळ्यांची शाळा वेगळी, बसमधली जागा वेगळी, पाण्याचा नळही वेगळा राहिला, तीच ही भूमी. या संगीताचा कणा ब्लूजचा आहे, आणि ब्लूज हे त्या मळ्यांतून उठलेले काळ्यांचे गाणे आहे. पण यात गोऱ्या गरिबाचेही दुःख आहे, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. लांबचा रस्ता, ट्रक, सुटलेले गाव, घामाची कमी पडणारी मजुरी हे या गाण्यांचे विषय. मराठवाड्यातून येऊन महाळुंग्यात एका खोलीत पाचजण राहणाऱ्या कंत्राटी कामगाराला ते भिडले, तर त्यात नवल नाही. त्याची आवड परकी ठरवण्याचा अधिकार मला नाही.

प्रश्न पुढे सुरू होतो. १९६९ साली निघालेल्या ऑलमन ब्रदर्स बँडमध्ये जेमो हा काळा ड्रमवादक आरंभापासून होता. अलाबामातील मसल शोल्स येथे गोऱ्या वादकांनी अरीथा फ्रँकलिन व विल्सन पिकेट यांना साथ केली. रंगभेदाच्या प्रदेशात एकत्र वाजवणे ही लहान गोष्ट नव्हती. परंतु त्याच १९७० च्या दशकात लेनर्ड स्किनर्ड हा बँड पाठीमागे कॉन्फेडरेट झेंडा लावून गात होता. गुलामी टिकवण्यासाठी १८६१ पासून १८६५ पर्यंत लढलेल्या राज्यांचे हे निशाण. सूर काळ्यांकडून आलेला, आणि झेंडा त्यांना गुलाम ठेवू पाहणाऱ्यांचा! असा हा व्यवहार.

हा व्यवहार बाजाराने पक्का केला. १९२० च्या दशकात ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी एकाच प्रदेशातील गाण्याचे दोन कप्पे केले. काळ्यांचे ते ‘रेस रेकॉर्ड्स’, गोऱ्या गरिबांचे ते ‘हिलबिली’. प्रत्यक्षात माणसे एकमेकांकडून शिकत होती. हँक विल्यम्स ज्याच्याकडून गिटार शिकला, तो रूफस पेन रस्त्यावर गाणारा काळा माणूस होता. ‘अमेरिकाना’ हे या मुळांच्या संगीताला अलीकडे मिळालेले प्रतिष्ठित नाव. १९९९ साली त्याची संघटना निघाली, २०१० साली ग्रॅमीत त्याला वेगळे पारितोषिक मिळाले. मुळे म्हटले की मूळ कुणाचे, हे विचारावेच लागते.

बँजोचेच पाहा. तो गोऱ्या खेडुताचे वाद्य मानला जातो. वास्तविक पश्चिम आफ्रिकेतील भोपळ्याच्या तंतुवाद्यांच्या आठवणीतून गुलामांनी तो घडवला. एकोणिसाव्या शतकात गोऱ्या नटांनी तोंडाला काळे फासून, काळ्यांची टिंगल करत तो रंगमंचावर नेला. पुढे वाद्य राहिले आणि घडवणारा विसरला गेला. २००५ साली रियानन गिडन्स आणि तिच्या सोबत्यांनी ‘कॅरोलिना चॉकलेट ड्रॉप्स’ हा बँड काढला. जो थॉम्पसन या वृद्ध काळ्या फिडलवादकाकडे जाऊन ते शिकले आणि विसरलेली मालकी पुन्हा सांगू लागले.

आता आपल्या घराकडे वळू. मिसिसिपीच्या अंगाने जाणाऱ्या ६१ क्रमांकाच्या महामार्गाला अमेरिकेत ब्लूजचा रस्ता म्हणतात. आपला तसा रस्ता चाकणवरूनच जातो. नाशिककडे निघालात की नारायणगाव लागते. तेथे फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे लोक येऊन यात्रेची सुपारी देतात. पुढे संगमनेर तालुक्यात हिवरगाव पावसा, हे पवळाबाईचे गाव. त्यापुढे सिन्नर तालुक्यात देशवंडी, हे वामनदादा कर्डकांचे.

श्रीधर कुलकर्णी ब्राह्मण्य सोडून तमाशात आले आणि पठ्ठे बापूराव झाले. त्यांची प्रतिभा मी नाकारत नाही. पण लावणीच्या इतिहासात त्यांना पान मिळाले, आणि ज्या महार पवळेमुळे फड गाजला तिला त्या पानाखालची तळटीप. येरवड्याच्या वस्तीत वाढलेल्या शैलजा पाईक यांनी २०२२ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात तमाशातील दलित स्त्रीला इतिहासाच्या मध्यभागी आणले. २०२४ साली त्यांना मॅकआर्थर शिष्यवृत्ती मिळाली. २०१७ साली तीच गिडन्सला मिळाली होती. दोघींचे काम एकच आहे, राबणाऱ्या हाताचे नाव परत लिहिणे.

चळवळीने तमाशाचे काय केले, हे येथे फार महत्त्वाचे आहे. तमाशातली स्त्री जातीने बांधलेली होती, म्हणून ते नाचवणे आपण नाकारले. पण ढोलकी फेकून दिली नाही. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तमाशाचाच बाज घेतला, त्यातले देवाचे स्तवन आणि गवळण टाकली, आणि आंबेडकरी जलसा उभा केला. सूर ठेवला, अपमान टाकला. माझ्या मते सदर्न रॉककडे पाहण्याची आपली कसोटी हीच असावी.

यात मंचाचाही प्रश्न आहे. २०११ साली महिंद्र समूहाने मुंबईत ब्लूज महोत्सव सुरू केला. पहिल्या वर्षी बडी गाय गायले. १९३६ साली लुइझियानातील, दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने राबणाऱ्या कुटुंबात ते जन्मले. त्यांना वांद्र्यात मान मिळाला, हे चांगलेच झाले. याच समूहाचा मोटारींचा कारखाना आमच्या चाकण पट्ट्यात आहे. दूरच्या मळ्यातील वेदना उद्योगपतींच्या मंचावर कला ठरते. जवळची वेदना मंचाबाहेर राहते. २००२ साली पुण्यात निघालेल्या कबीर कला मंचाच्या कलावंतांच्या वाट्याला मंचाऐवजी तुरुंग आला.

आमच्या जयंतीच्या मिरवणुकीत ‘बेंजो’ वाजतो. त्याला टंकयंत्रासारख्या कळा असतात, तो जपानी वाद्यापासून आलेला बुलबुल तरंग आहे; गुलामांच्या बँजोचे केवळ नाव त्याने घेतले. ते वाजवणारी मुले मिरवणुकीपुरतीच कलावंत असतात. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा हेल्पर. चेन्नईत कास्टलेस कलेक्टिव्हने २०१८ पासून वस्तीतला गाना रॉकच्या मंचावर आणला. मग आमच्या बेंजोला आणि जलशाला गिटारशेजारी जागा का नसावी?

म्हणून मुलांना माझे सांगणे असे आहे. जरूर जा, मन लावून ऐका. नवे बँड आहेत, त्यांच्या हातून चांगले घडण्याची शक्यता मोठी आहे. मंचावर तो झेंडा दिसला तर उठून बाहेर या. तो नसेल, तर गाणे संपल्यावर वादकांना विचारा, हा सूर तुम्ही कुणाकडून घेतला? ज्याला नावे सांगता येतील त्याच्याशी आपले नाते जुळेल. आणि हाच प्रश्न तुमच्या बेंजोबद्दल कुणी विचारला, तर पवळाबाईपासून वामनदादांपर्यंतची नावे तुम्हालाही सांगता आली पाहिजेत. तो अभ्यास अजून व्हायचा आहे.