महाविद्यालयीन बोलीतील शब्दघडण

विद्यार्थ्यांच्या बोलीकडे बहुधा भाषेची अवनती म्हणून पाहिले जाते. तिची घडण मात्र निराळे सांगते. मुंबईच्या महाविद्यालयांत 'एटीकेटी' या परीक्षाविषयक संज्ञेची 'केटी' झाली, ती स्त्रीलिंगी ठरली आणि ठेच लागावी तशी विद्यार्थ्याला 'लागू' लागली. हिंदीतून आलेल्या 'पक' धातूने मराठीचा प्रयोजक प्रत्यय स्वीकारून 'पकवणे' हे क्रियापद सिद्ध केले. भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'तही (१९६३) 'उदाहरणार्थ', 'वगैरे' हे अभ्यासू वळणाचे शब्द विद्यार्थी-निवेदकाच्या तोंडी उपरोधाने येतात. अर्थात या बोलीत मराठीचे व्याकरण शाबूत आहे आणि वर्गावरील भाष्यही आहे. 'शिकवणे' आणि 'पकवणे' यांचा प्रत्यय एकच आहे. धातू केव्हा बदलतो, याचा विचार अध्यापकांनी करावयास हवा.