टिपणवही आणि ग्रंथ

प्रवासात सुचलेले विचार तत्काळ टिपून ठेवावेत, हा उपदेश योग्यच होय. परंतु टिपणवही म्हणजे ग्रंथ नव्हे. इंग्रज लेखक ब्रूस चॅटविन याचे ऑस्ट्रेलियातील आदिवासींच्या गीतमार्गांविषयीचे 'द साँगलाइन्स' (१९८७) हे पुस्तक या दृष्टीने विचारार्ह आहे. पासपोर्ट हरवण्यापेक्षा वही हरवणे या गृहस्थास अधिक भयंकर वाटे. पॅरिसहून आणलेल्या काळ्या वह्यांत तो आपला पत्ता लिही आणि परत करणारास बक्षीस देऊ करी. ग्रंथाच्या मध्यावर कथेचा ओघ थांबतो व या वह्यांतील उतारे, वचने, निरीक्षणे पानेच्या पाने येऊ लागतात. त्यांपैकी कित्येक सुंदर आहेत. मनुष्य स्वभावतःच भटका आहे, हा सिद्धान्त त्यांतून सूचित होतो. सिद्ध मात्र होत नाही. लिहिते वेळी चॅटविन आजारी होता व १९८९ साली वारला, हे जाणूनही आम्हांस ही उणीव नजरेआड करवत नाही.

उलट आमचे विष्णुभट गोडसे पाहा. १८५८ सालचा झाशीचा वेढा त्यांनी प्रत्यक्ष अनुभवला. 'माझा प्रवास' लिहिला तो कित्येक वर्षांनी, आठवणीच्या बळावर. तपशिलात चुका राहिल्या, परंतु कथन एकजीव झाले.

तेव्हा तरुण लेखकांस आमचे सांगणे इतकेच: वही अवश्य बाळगावी, नावे, तारखा, कानी पडलेले शब्द तीत टिपावेत. मात्र लिहावयास बसल्यावर तिला साक्षीदार करावे, लेखक करू नये.