पिंजरा आणि रिकामी खुर्ची : ‘तो मी नव्हेच’ आणि ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकांतील विवाह, पालकत्व व दडलेला भूतकाळ

प्रास्ताविक

विवाहाच्या प्रतिष्ठित पडद्याआड दडलेला गुन्हा हळूहळू उघड होत जाणे आणि तो उघड होत असताना प्रेक्षकाला हसूही येणे, असा दुहेरी अनुभव देणारी नाटके मराठीत मोजकीच आहेत. त्यांपैकी दोन नाटके अवघ्या पाच वर्षांच्या अंतराने रंगभूमीवर आली. आचार्य अत्रे यांच्या ‘तो मी नव्हेच’चा पहिला प्रयोग ८ ऑक्टोबर १९६२ रोजी दिल्लीत झाला, तर विजय तेंडुलकर यांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७ मध्ये ‘रंगायन’ने अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली सादर केले. दोन्ही नाटके न्यायालयात घडतात, दोन्हींत उत्कंठा आहे आणि दोन्हींत विनोदाची छटा काळी आहे. तरीही त्यांचा एकत्र विचार क्वचितच होतो. एकाची गणना लोकप्रिय व्यावसायिक नाटकात, तर दुसऱ्याची प्रायोगिक नाटकात केली की समीक्षा तेथेच थांबते.

हा विचार प्रस्तुत लेखिकेला सुचला तो वर्गात. मावळातील आमच्या विद्यार्थ्यांपैकी काही जण लोहगडवाडीसारख्या गडपायथ्याच्या गावांतून, मळवली स्थानकापर्यंत पायपीट करून लोकलने येतात. ‘शांतता!’ शिकवून झाल्यावर लोहगडवाडीच्या एका विद्यार्थिनीने विचारले, “मॅडम, सगळे बाईंनाच विचारतात. दामले कुठे असतात?” या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधताना ‘तो मी नव्हेच’ आठवले. नकार देण्याचा अधिकार कोणाला असतो, हा या दोन्ही नाटकांना जोडणारा प्रश्न आहे, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

नाकारण्याची कला

‘तो मी नव्हेच’ला माधव काझी या तोतयाच्या प्रत्यक्ष प्रकरणाचा आधार होता. नाटकातील आरोपी स्वतःला निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे म्हणवतो. निरनिराळ्या नावांनी त्याने फसवलेल्या स्त्रिया एकामागून एक साक्षीला उभ्या राहतात आणि प्रत्येकीला त्याचे उत्तर एकच : तो मी नव्हेच. मो. ग. रांगणेकर यांच्या दिग्दर्शनातील फिरता रंगमंच आणि प्रभाकर पणशीकर यांनी वठवलेल्या पाच भूमिका यांमुळे हा नकार दृश्यरूप घेतो. मंच फिरतो, वेश बदलतो, भाषेचा हेल बदलतो आणि प्रत्येक घरातून नवरा नाहीसा होतो.

येथे विनोद कोणाच्या बाजूला उभा आहे, हे पाहणे उद्बोधक ठरते. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. पहिली पत्नी हयात असता दुसरा विवाह करणे भारतीय दंडसंहितेच्या कलम ४९४ खाली गुन्हा होता. लखोबा अपराधी आहे याविषयी प्रेक्षकाला शंका नसते. तरीही प्रत्येक नकाराला टाळी मिळते ती लखोबाला. आपण त्याच्या अपराधाचा निषेध करतो आणि चातुर्याला दाद देतो. पतीपण नाकारले की त्यासोबत येणाऱ्या साऱ्या जबाबदाऱ्या, पितृत्वासह, आपोआप गळून पडतात. पुरुषाचा भूतकाळ अंगरख्यासारखा उतरवता येतो, ही त्या हास्यामागची मूक मान्यता आहे.

नाकारता न येणारा भूतकाळ

तेंडुलकरांच्या नाटकात मुंबईची एक हौशी मंडळी अभिरूप न्यायालयाच्या प्रयोगासाठी खेड्यात येते. रात्रीच्या खटल्यात आरोपी असणार आहे अण्वस्त्रनिर्मितीबद्दल अमेरिकेचा अध्यक्ष जॉन्सन. मधला वेळ घालवण्यासाठी, आणि सामंत या गावच्या तरुणाला कामकाज समजावे म्हणून, खोटा खटला उभा राहतो. आरोपी शिक्षिका लीला बेणारे, आरोप भ्रूणहत्येचा.

सुरुवातीचा विनोद निखळ वाटतो. न्यायाधीश काशीकर कान कोरत बसतात, सुखात्मे या वकिलाची वकिली या मंडळीबाहेर चालत नाही, पान थुंकण्यासाठी कामकाज थांबते. पुढे याच हास्यातून रहस्य उकलू लागते. या उकलीची सर्वांत मार्मिक जागा सामंताची साक्ष ही होय. त्याला काहीच ठाऊक नसते. हातातल्या स्वस्त कादंबरीतील प्रसंग पाहून तो दामल्यांच्या खोलीच्या बंद दाराआडून ऐकलेले संभाषण रचतो. ते रचलेले खरे निघते. रहस्यकथेचा मालमसाला येथे पुरावा बनतो. परस्त्रीच्या भूतकाळाविषयी ऐकीव आणि सत्य यांत समाजाला भेद करावासा वाटत नाही, हे तेंडुलकर एका हास्यास्पद प्रसंगातून दाखवतात.

लखोबाजवळ असलेले वाक्य बेणारेजवळ नाही. ‘ती मी नव्हेच’ असे ती म्हणू शकत नाही, कारण पुरावा तिच्या देहात वाढतो आहे. पोंक्षे आणि बाळू रोकडे यांच्या साक्षींतून कळते, की तिने त्यांच्याशी विवाहाचा प्रस्ताव मांडला होता. त्यांना तो चारित्र्यदोष वाटतो. वस्तुतः ती मुलासाठी बापाचे नाव शोधत होती. जिला मूल हवे आहे तिलाच भ्रूणहत्येची आरोपी ठरवायचे आणि शिक्षा म्हणून तिच्या पोटातील गर्भ नष्ट करण्याचा आदेश द्यायचा, ही या नाटकातील विनोदाची परमावधी होय. येथे हसू थिजते.

गुन्हा कोणाचा?

‘दडलेला गुन्हा’ ही संकल्पना कायद्याच्या कसोटीवर तपासली तर चित्र उलटे होते. चौदा-पंधरा वर्षांच्या वयातील मामाशी असलेला संबंध बेणारेचा कलंक म्हणून उगाळला जातो. तेव्हाच्या कायद्यानुसार सोळा वर्षांखालील मुलीच्या संमतीला अर्थ नव्हता. म्हणजे अपराधी असलाच तर मामा. तिचा आत्महत्येचा प्रयत्न मात्र तेव्हा कलम ३०९ खाली शिक्षापात्र होता. प्रा. दामले विवाहित, पाच मुलांचे वडील. कलम ४९७ ची व्यभिचाराची व्याख्या दुसऱ्याच्या पत्नीपुरती मर्यादित होती (सर्वोच्च न्यायालयाने हे कलम २०१८ मध्ये रद्द केले). अविवाहित बेणारेशी संबंध ठेवून दामल्यांनी कोणताच गुन्हा केला नव्हता. वैद्यकीय गर्भपाताचा कायदा आला १९७१ मध्ये, नाटकानंतर चार वर्षांनी.

दामले त्या संध्याकाळी आलेलेच नसतात. अभिरूप न्यायालयात त्यांची नेमणूक असते ती आरोपीच्या वकिलाची. ज्याने बचाव करायचा त्याची खुर्ची रिकामी, म्हणून सुखात्मे दोन्ही बाजू चालवतात. साक्षीला दामल्यांचा पुकारा होतो आणि ते गैरहजर असल्याची नोंद करून कामकाज पुढे सरकते. लखोबाला ‘तो मी नव्हेच’ असे पुनःपुन्हा सांगावे लागले. दामल्यांना तेवढेही कष्ट पडत नाहीत. मौन हाच त्यांचा नकार. अत्रे यांचा तोतया निदान पिंजऱ्यात उभा राहिला. तेंडुलकरांचा प्राध्यापक प्रतिष्ठेसह बाहेर राहतो.

या मांडणीवर एक आक्षेप संभवतो. अत्र्यांच्या नाटकात फसवलेल्या स्त्रियांना बोलण्याची जागा मिळते, बेणारेचे दीर्घ स्वगत मात्र इतर पात्रे निश्चल असताना येते. म्हणजे ते न्यायालयाच्या दप्तरी जात नाही. या दृष्टीने अत्रे अधिक उदार ठरतात. आक्षेपात तथ्य आहे. परंतु त्या साक्षी ऐकताना आपण वाट पाहतो ती लखोबाच्या पुढच्या बतावणीची. बेणारेचे न ऐकले गेलेले स्वगत ऐकणारे आपण एकटेच असतो आणि म्हणून उत्तरदायीही आपणच ठरतो.

निष्कर्ष

दोन्ही नाटके शेजारी ठेवली असता असे दिसते, की विवाहाच्या चौकटीत पुरुषाचा भूतकाळ हा कथेचा विषय बनतो, तर स्त्रीचा भूतकाळ हा निकालाचा. लखोबाच्या नकारावर हसणारा प्रेक्षकच बेणारेच्या खटल्यात न्यायाधीशांच्या बाजूला नकळत बसलेला असतो. फरक एवढाच, की तेंडुलकर त्याला ते जाणवून देतात.

बेणारे शिक्षिका आहे. तिला नोकरीवरून काढण्याविषयी शिक्षणसंस्थेच्या अध्यक्षांकडे झालेले दूरध्वनीवरील बोलणे काशीकरांनी ऐकलेले असते, आणि ते सांगण्यासाठी खुद्द न्यायाधीश साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येतात. दामले प्राध्यापक आहेत. म्हणून हा विषय आपल्या व्यवसायापासून दूरचा नाही. महाविद्यालयात चौकशी समिती बसते तेव्हा समोर कोण उभे आहे हे आपल्याला दिसते. कोणती खुर्ची रिकामी आहे हे विचारावे लागते. लोहगडवाडीच्या त्या विद्यार्थिनीने तेवढेच विचारले होते.