वासुदेव बळवंत फडके यांच्या आत्मवृत्तातील ईश्वरशरणता

पनवेल तालुक्यातील शिरढोण येथे १८४५ साली जन्मलेल्या वासुदेव बळवंत फडके यांचे आत्मवृत्त व रोजनिशी ही प्रामुख्याने इतिहासाची साधने म्हणून वाचली जातात. १८७९ च्या खटल्यात सरकारपक्षाने ती पुराव्यादाखल वापरली, हेही त्याचे एक कारण होय. तथापि आशाभंगाच्या प्रसंगी ईश्वरेच्छेचा अर्थ लावू पाहणारे लेखन म्हणूनही त्यांचा विचार होणे अगत्याचे आहे.

धनिकांचे साहाय्य लाभले नाही, रामोशी साथीदारांचे लक्ष लुटीवरच राहिले, ही खंत फडके लपवीत नाहीत. १८७९ च्या एप्रिलमध्ये ते श्रीशैल मल्लिकार्जुनास गेले, ते प्राणार्पणाच्या निश्चयाने. तेथे लिहिलेल्या आत्मवृत्तात यश देवाधीन असल्याचा भाव आहे, आणि अपयशाबद्दल देशबांधवांची क्षमायाचनाही आहे. सर्वच देवाधीन असेल, तर क्षमेचे प्रयोजन उरत नाही. फडके मात्र फळ देवाकडे सोपवितात आणि उत्तरदायित्व स्वतःकडे ठेवतात. आत्मवृत्ताचे नैतिक बळ या विसंगतीतच साठलेले आहे.

फडके यांना केवळ दैववादी ठरविणे पुढील घटनाक्रमाशी जुळत नाही. श्रीशैलाहून परतल्यावर त्यांनी रोहिल्यांची जमवाजमव आरंभिली. जुलै १८७९ मध्ये देवरनावडगी येथे ते पकडले गेले, तेव्हा त्यांच्या अंगात ताप होता. पुढे एडनच्या तुरुंगातूनही १८८० साली त्यांनी पलायन केले. पुन्हा पकडले गेल्यावर १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तेथेच त्यांचा अंत झाला. उलटपक्षी, त्यांची ईश्वरनिष्ठा हा तत्कालीन लेखनाचा एक संकेत मानणेही युक्त नव्हे. प्राण देण्यास निघालेल्या माणसाच्या शब्दांना निराळे वजन असते.

येथे एक मर्यादा ध्यानी घ्यावी लागते. मुंबई सरकारच्या साधनग्रंथात १९५७ साली प्रसिद्ध झालेला पाठ इंग्रजी भाषांतराचा आहे. मराठीत प्रारब्ध, दैव व ईश्वरेच्छा हे शब्द समानार्थी नाहीत. प्रारब्धात पूर्वकर्माचा हिशेब आहे, दैवात आंधळी गती आहे. ईश्वरेच्छा म्हटले की ज्याच्यापाशी गाऱ्हाणे घालता येईल असा कोणी समोर उभा राहतो. भाषांतरात हे भेद पुसट होतात. म्हणून एखाद्या शब्दावर सिद्धांत उभारण्यापेक्षा कृतींच्या क्रमाकडे पाहणे श्रेयस्कर. निकालाचा स्वीकार आणि कार्याचा त्याग या दोन वेगळ्या गोष्टी होत, असे तो क्रम सांगतो.