पडद्यावरील मराठी गद्य : ‘परिणामकारक’ लेखनाच्या सूत्रांची चिकित्सा

प्रास्ताविक

संकेतस्थळासाठी लेखन हा विषय आता उपयोजित मराठीच्या अध्यापनात रुळला आहे. बातमीलेखन, जाहिरातलेखन, अनुवाद यांच्या पंक्तीत त्याला स्थान मिळाले, ही स्वागतार्ह बाब होय. तथापि हा विषय शिकविताना वाक्ये लहान ठेवावीत, उपशीर्षके द्यावीत, मुद्दे क्रमांकाने मांडावेत, शोधशब्द वारंवार योजावेत अशी जी सूत्रे सांगितली जातात, ती बहुतांशी इंग्रजी मार्गदर्शिकांतून उचललेली असतात. मराठीच्या प्रकृतीला ती कितपत मानवतात, याचा विचार क्वचितच होतो. तो करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

सूत्रांचे मूळ

या सूत्रांमागे काही आधारच नाही, असे म्हणता येणार नाही. जॉन मॉर्क्स व जेकब नील्सन यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, नवे पान समोर येताच ७९ टक्के वाचक ते शब्दशः न वाचता केवळ नजरेखालून घालतात, असे आढळले होते. अमेरिकेतील नेब्रास्का राज्याच्या पर्यटनविषयक मजकुराची पाच रूपे करून त्यांनी ती पडताळून पाहिली. मजकूर निम्मा केल्याने उपयुक्तता ५८ टक्क्यांनी, चटकन नजर फिरवता येईल अशी मांडणी केल्याने ४७ टक्क्यांनी, तर जाहिरातबाजी टाळून वस्तुनिष्ठ भाषा वापरल्याने २७ टक्क्यांनी वाढली. तिन्ही उपाय एकत्र योजले असता ही वाढ १२४ टक्के झाली. पुढे २००६ मध्ये नील्सन यांनी २३२ वाचकांच्या दृष्टीचा माग घेतला. वाचकांची नजर वरच्या एकदोन ओळींवरून आडवी फिरते आणि नंतर डाव्या कडेने खाली उतरते, असे त्यात दिसून आले.

या निष्कर्षांचे मोल मान्य करूनही दोन मर्यादा ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली अशी की, तेथे मोजली गेली ती उपयुक्तता. हवी ती माहिती किती लवकर सापडली, किती चुका झाल्या, किती लक्षात राहिले, हे त्या मोजमापाचे निकष होते. प्रवेशसूचनेला वा वेळापत्रकाला ते लागू पडतात. विचारप्रधान लेखनाला ते तसेच लावणे युक्त नव्हे. दुसरी मर्यादा भाषेची. प्रयोगातील मजकूर इंग्रजी होता आणि इंग्रजी वाक्याची घडण मराठीहून भिन्न आहे.

क्रियापदाचे स्थान

इंग्रजीत क्रियापद कर्त्यापाठोपाठ येते; नकारही वाक्याच्या पूर्वार्धातच कळतो. मराठीत क्रियापद सामान्यतः वाक्याच्या शेवटी येते आणि नकार त्याच्याही पुढे. नमुन्यादाखल पुढील वाक्य पाहावे : ‘मागील वर्षी ज्यांनी या शिष्यवृत्तीचा लाभ घेतला आहे अथवा ज्यांच्या पालकांचे उत्पन्न विहित मर्यादेहून अधिक आहे, असे विद्यार्थी या वर्षी अर्ज करण्यास पात्र असणार नाहीत.’ डाव्या कडेने नजर उतरविणाऱ्या वाचकाच्या हाती ‘लाभ’, ‘विद्यार्थी’, ‘अर्ज’ एवढेच लागते. ज्या एका शब्दावर अर्थ अवलंबून आहे, तो ‘नाहीत’ नेमका निसटतो.

हेच ‘पुढील विद्यार्थ्यांनी अर्ज करू नयेत’ असा आरंभ करून त्याखाली दोन मुद्दे स्वतंत्र ओळींत दिले, तर घोटाळा टळतो. म्हणजे लहान वाक्याचा आग्रह मराठीतही योग्यच ठरतो. मात्र त्याचे कारण निराळे आहे. वाचक उतावीळ आहे म्हणून नव्हे, तर मराठी वाक्याचा निर्णय त्याच्या शेपटाकडे असतो म्हणून. कारण उमगले की सूत्र कोठे वापरावे आणि कोठे सोडावे, हेही विद्यार्थ्याला उमगते.

शोधशब्द आणि सामान्यरूप

सर्वांत गंभीर प्रश्न शोधशब्दांच्या सूत्रातून उद्भवतो. वाचक शोधयंत्रात जे शब्द टंकित करतो, तेच लेखात जसेच्या तसे यावेत, असे हे सूत्र सांगते. इंग्रजीत गावाच्या नावापूर्वी शब्दयोगी अव्यय आले तरी नाव बदलत नाही. मराठीत मात्र विभक्तिप्रत्यय वा शब्दयोगी अव्यय लागण्यापूर्वी नामाचे सामान्यरूप होते. ‘पुणे’चे ‘पुण्यात’, ‘सातारा’चे ‘साताऱ्यात’, ‘कोल्हापूर’चे ‘कोल्हापुरात’, ‘कांदा’चे ‘कांद्याचा’ होते. हा विकार मराठीच्या रचनेचा कणा आहे.

शोधशब्द अविकृत राखण्याच्या हट्टापायी ‘पुणे मध्ये उत्तम वसतिगृहे’, ‘कांदा बाजार भाव आज’, ‘कोल्हापूर मधील महाविद्यालये’ अशा रचना रूढ होत आहेत. यात सामान्यरूप लोपते, शब्दयोगी अव्यय नामापासून तुटते आणि षष्ठीचे प्रत्यय गळून वाक्याऐवजी शब्दांची रास उरते. वर्गातील एका स्वाध्यायात ‘पुणे मध्ये’ या प्रयोगाखाली मी लाल रेघ ओढली, तेव्हा विद्यार्थिनीने नम्रपणे सांगितले, “सर, मला ‘पुण्यात’ माहीत आहे, पण यंत्राला हेच कळते.” तिचे व्याकरणाचे ज्ञान अपुरे नव्हते. चुकीचा प्रयोग तिने जाणीवपूर्वक, व्यावसायिक कौशल्य म्हणून स्वीकारला होता. त्या उत्तरपत्रिकेला गुण कसे द्यावेत, हा प्रश्न मला बराच काळ अस्वस्थ करीत राहिला.

वस्तुतः शोधयंत्राच्या बाजूनेही या युक्तीचे समर्थन होत नाही. गूगलने २०११ मध्ये ‘पांडा’ या बदलाद्वारे निकस मजकुराचे स्थान खाली आणले. शोधशब्दांची भरताड हा प्रकार तिच्या मार्गदर्शक तत्त्वांत निषिद्ध आहे. आणि ऑगस्ट २०२२ मध्ये, यंत्रासाठी नव्हे तर माणसांसाठी लिहिलेल्या मजकुराला प्राधान्य देण्याचे धोरण तिने जाहीर केले. ज्या यंत्रासाठी आपण सामान्यरूपाचा बळी देत आहोत, त्या यंत्राच्या चालकांनीच तो मागितलेला नाही.

मराठीतील पूर्वपरंपरा

थोडक्यात, थेट व प्रयोजनपूर्वक लिहिण्यासाठी मराठीला परकीय धड्यांची प्रतीक्षा करावी लागली नव्हती. लोकहितवादी तथा गोपाळ हरि देशमुख यांनी १८४८ पासून भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकातून लिहिलेली पत्रे ‘शतपत्रे’ म्हणून ओळखली जातात. संख्येने ती १०८ आहेत. एका पत्रात एक विषय, आरंभीच प्रतिपाद्याची मांडणी, वाचकाला उद्देशून केलेले रोखठोक निवेदन आणि बोलीला जवळची वाक्ये, ही त्यांची वैशिष्ट्ये आजच्या मार्गदर्शिकांतील अनेक सूत्रांशी जुळतात. तरीही ती पत्रे परिणामकारक ठरली ती आटोपशीरपणामुळे नव्हे. समाजाला काहीतरी ऐकविणे निकडीचे आहे, ही लेखकाची खात्री त्यांच्यामागे होती.

याउलट विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या १८७४ मध्ये सुरू झालेल्या ‘निबंधमाले’तील निबंध प्रदीर्घ, वाक्ये पल्लेदार आणि विषय एकाहून अधिक अंकांत चालणारे. लोकहितवादींवर त्यांनी याच मालेतून कठोर टीका केली. आजच्या सूत्रांनी मोजले तर ‘निबंधमाला’ अपयशी ठरावी. प्रत्यक्षात तिने एका पिढीचे गद्य घडविले. तेव्हा लांबी हा परिणामाचा निकष नव्हे. लेखक व वाचक यांच्यातील नाते हा खरा निकष होय.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, पडद्यावरील लेखनाची आयात सूत्रे सरसकट त्याज्य नाहीत आणि सरसकट ग्राह्यही नाहीत. माहितीपर मजकुरात लहान वाक्य, निर्णायक शब्दाला अग्रस्थान व सुटे मुद्दे यांचा अवलंब अवश्य करावा. विचारप्रधान लेखनात मांडणीचा विस्तार विषयाने ठरवावा. शोधशब्द शीर्षकात वा उपशीर्षकात एकदा मूळ रूपात यावा. वाक्यात मात्र त्याला मराठीचे नियम लागू व्हावेत.

याच विचाराने त्या विद्यार्थिनीचा स्वाध्याय मी परत केला आणि मजकूर तोच ठेवून वाक्ये मराठीत लिहिण्यास सांगितले. शीर्षकात ‘पुणे : विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे’ असे आले आणि पहिल्या वाक्यात ‘पुण्यात’. दोन्ही एकाच पानावर सुखाने नांदले. आता यंत्रेही मजकूर रचू लागली आहेत आणि पडद्यावर जे मराठी आपण ठेवू, त्यावरच ती मराठी शिकणार आहेत. म्हणून ‘पुणे मध्ये’खालची ती लाल रेघ यापुढेही ओढत राहणे हे भाषाशिक्षकाचे कर्तव्य ठरते.