माडावरून सुटलेले सैनिक

कल्पनेतल्या सैन्याला शस्त्रं वाटताना लेखकाने हात आखडता घेऊ नये, असं माझं प्रामाणिक मत आहे. दारूगोळ्याचा खर्च कुठे खिशातून करायचा असतो? म्हणून २०१७ साली आलेल्या ‘बाहुबली’च्या दुसऱ्या भागातल्या त्या झाडांवरून उडणाऱ्या सैनिकांना जो तो हसला, तेव्हा मी मनातून राजामौलींच्या बाजूने होतो.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. माहिष्मतीच्या तटाआड शिरायचं आहे. मग ही मंडळी उंच उंच झाडं दोर लावून वाकवतात, शेंड्याशी माणसं बसवतात आणि झाड सोडून देतात. माणसं हवेत ढालीला ढाल लावून मोठा गोळा करतात आणि तटापलीकडे जाऊन पडतात. (ती झाडं माडाची की ताडाची, यावर आमच्या बोर्ली पंचतनला अजून एकमत नाही.) दूरदर्शनच्या ‘रामायणा’त दोन बाजूंनी दोन बाण यायचे, मध्ये भेटायचे, बराच वेळ विचारविनिमय करायचे आणि मग एक विझायचा. त्यापुढे माणूसच बाण झाला, ही प्रगतीच म्हणायची. ढालींचा गोळा तर मला फारच आवडला.

पण सिनेमाची खरी समीक्षा केली ती आमच्या वाडीत सुपारी पाडायला येणाऱ्या पाडेलीदादांनी. या विषयात त्यांचा अधिकार मोठा. हा माणूस एका पोफळीवर चढतो आणि फळ पाडून झालं की खाली उतरतच नाही. शेंड्याशी बसून झाड झुलवतो, पुढची पोफळ टप्प्यात आली की तिला मिठी मारतो आणि मग पहिली सोडतो. असं करत अर्धी वाडी वरच्यावर उरकतो. खाली उभं राहून बघताना आपल्याच पोटात गोळा येतो.

दादा म्हणाले, “सोडलंनीत खरं, पण पलीकडे धरायला काय होतं?”

अख्ख्या प्रसंगाची दुखरी नस या एका वाक्यात सापडली. माणूस फेकला की कॅमेरा त्याच्यामागे पळतो. फेकायला काय लागलं, पडताना काय मोडलं, याचा हिशेब कोणी ठेवत नाही. आमचे जुने कथाकार कल्पनेत काही कमी नव्हते, पण वहीखातं चोख! कर्णाला इंद्राची शक्ती मिळते ती एकदाच वापरायच्या अटीवर. ती घटोत्कचावर खर्च झाली आणि अर्जुनासाठी उरली नाही. अश्वत्थाम्याला अस्त्र सोडता येतं, आवरता येत नाही. तिथे शस्त्राला किंमत आहे म्हणून छातीत धडधडतं. इथे माणसं फुकट, झाडंही फुकट.

झाडं फुकट नसतात हो! ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ वादळ आमच्याच किनाऱ्यावरून आत शिरलं, तेव्हा आम्ही माड वाकताना पाहिले. माड वाकतो, चांगला कमानीसारखा वाकतो. पण त्याचा जीव एकुलत्या एका कोंबात. शेंडा मोडला की झाड संपलं. पोफळी तर काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मोडल्या. दुपारी बारा वाजताही जिथे दिवा लावावासा वाटायचा, त्या वाडीत दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन! पुढे टीव्हीवर तोच सिनेमा लागला, तेव्हा झाड वाकायला लागताच आमच्या काकू म्हणाल्या, “पुरे रे, सोडा त्याला!” त्या सैनिकांबद्दल बोलत नव्हत्या.

नवी रोपं लावली आहेत. पोफळीचं रोप लहानपणी सावली मागतं आणि सावली देणारी झाडंच आडवी झालेली, म्हणून मधे केळी लावल्या. सुपारी धरायला सहा-सात वर्षं सहज जातात. तोवर दादांची पंचाईत. झाड झुलवून हात पुढे करावा, तर पुढची पोफळ जागेवर नाही. त्यामुळे आता ते प्रत्येक झाडावरून खाली उतरतात, चार पावलं चालतात आणि पुन्हा चढतात.