‘पडीक’ या संज्ञेची चिकित्सा : माळरानांच्या संदर्भात

प्रस्तावना

मानवी हस्तक्षेपामुळे होणाऱ्या परिसंस्थांच्या ऱ्हासाचा विचार करताना वृक्षतोड, खाणकाम व प्रदूषण ही कारणे प्रामुख्याने मांडली जातात. परंतु सद्‌हेतूने केलेले कार्यही एखाद्या परिसंस्थेच्या मुळावर येऊ शकते. महाराष्ट्राच्या पर्जन्यछायेतील माळरानांवर झालेले वृक्षारोपण हे त्याचे ठळक उदाहरण होय. प्रस्तुत लेखात या वृक्षारोपणाला आधार देणाऱ्या ‘पडीक जमीन’ या संकल्पनेची चिकित्सा करावयाची आहे.

संज्ञेचा प्रवास

शेतकऱ्याच्या बोलीत ‘पड’ म्हणजे विसाव्यासाठी न पेरता ठेवलेली जमीन. त्यात निरुपयोगितेचा भाव नाही. ब्रिटिश महसूल व्यवस्थेत मात्र जमिनीचे मोल प्रामुख्याने शेतसाऱ्यावरून ठरू लागले व सारा न देणारी जमीन ओसाड गणली गेली. स्वातंत्र्योत्तर काळातही ही दृष्टी टिकून राहिली. १९५२ च्या राष्ट्रीय वनधोरणाने देशाचा एकतृतीयांश भूभाग वनांखाली असावा असे उद्दिष्ट ठेवले. १९८८ च्या धोरणात ‘वन अथवा वृक्षाच्छादन’ असा त्याचा विस्तार झाला. १९८५ मध्ये राष्ट्रीय पडीक भूमी विकास मंडळाची स्थापना झाली. एकतृतीयांशाचे हे प्रमाण गाठावयाचे तर रिकामी जमीन हवी, आणि कागदोपत्री सर्वांत रिकामे दिसले ते माळरान. महाराष्ट्र शासनाच्या वृक्षलागवड मोहिमेचे उद्दिष्ट २०१६ मधील २ कोटींवरून २०१९ मध्ये ३३ कोटींवर गेले. या आकड्यांत रोपे मोजली जातात. ती कोणत्या परिसंस्थेत लावली गेली याची नोंद आकड्यांतून होत नाही.

माळरानाचे वास्तव

माळरान म्हणजे नष्ट झालेले जंगल, हे गृहीतक तपासून पाहणे आवश्यक आहे. अल्प पाऊस, उथळ मुरमाड माती व चराई यांच्याशी जुळवून घेत येथील गवते व विरळ काटेरी झाडे वाढली आहेत. लांडगा, खोकड, काळवीट, चंडोल व माळढोक हे या उघड्या भूमीचे रहिवासी होत. विशेष म्हणजे याचा एक पुरावा मराठी वाङ्मयातच सापडतो. आशिष नेर्लेकर व दिग्विजय पाटील यांच्या २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात जुन्या मराठी साहित्यातील व मौखिक परंपरेतील वनस्पतींचे उल्लेख तपासले असता, त्यांतील बहुसंख्य वनस्पती माळरानाच्याच असल्याचे आढळले. किमान साडेसात शतके हा प्रदेश असाच मोकळा होता, हा त्यांचा निष्कर्ष वनीकरणाच्या मूळ युक्तिवादालाच छेद देतो.

अशा भूमीवर गिरिपुष्प किंवा सुबाभूळ यांची दाट लागवड झाली की सावलीने गवत खुरटते आणि उघड्यावर राहणाऱ्या पशुपक्ष्यांचा अधिवास जातो. कर्बसंचयाचा युक्तिवादही येथे लंगडा पडतो. गवताळ परिसंस्थेतील बहुतांश कर्ब मुळांत व मातीत, म्हणजे जमिनीखाली असतो. लागवडीसाठी घेतलेले खड्डे त्या मातीलाच उचकटतात. शिवाय लागवड क्षेत्रात चराईबंदी आली की धनगरांच्या मेंढ्यांची वाट अडते.

संवर्धनाची मर्यादा

येथे संवर्धनाच्या रूढ मार्गाचेही परीक्षण करणे क्रमप्राप्त आहे. १९७९ मध्ये सोलापूर व तत्कालीन अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यांत माळढोक पक्षी अभयारण्य घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर होते व त्यात खाजगी शेते आणि गावे यांचा मोठा समावेश होता. परिणामी लोकांचे व्यवहार निर्बंधांत अडकले, पक्ष्याविषयी रोष वाढला, आणि अखेरीस क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत घटवावे लागले. दरम्यान हंगामात सहसा एकच अंडे, तेही उघड्या जमिनीवर घालणारा हा पक्षी २०११ पासून ‘अतिसंकटग्रस्त’ गणला जातो. वृक्षारोपण आणि अभयारण्य या दोन्ही उपायांत उणीव एकच दिसते : नकाशावरील रेषा आधी आखली गेली, गवत आणि त्यावर जगणारी माणसे यांचा विचार मागाहून झाला.

काही माळरानांची अतिचराईने व मातीच्या धुपीने हानी झाली आहे, हा आक्षेप खराच आहे. तथापि त्यावरील उपाय गवतातच शोधावा लागेल. मारवेल, कुसळी यांसारख्या स्थानिक गवतांची पुनर्स्थापना, आळीपाळीने चराई आणि गायरानांच्या व्यवस्थापनात ग्रामसभा व पशुपालकांचा सहभाग, हा मार्ग अधिक सयुक्तिक ठरतो.

समारोप

या विषयाशी महाविद्यालयांचा थेट संबंध आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून दरवर्षी विद्यार्थी टेकड्यांवर व माळांवर रोपे लावतात आणि अहवालात त्यांची संख्या नोंदवली जाते. खड्डा खणण्यापूर्वी वनस्पतिशास्त्र विभागाने तेथील गवतांची सूची करावी, भूगोल विभागाने जुने नकाशे पाहावेत, मराठी विभागाने त्या माळाविषयीच्या ओव्या व स्थलनामे गोळा करावीत. अशा पाहणीनंतर काही ठिकाणी रोप न लावण्याचा निर्णय घ्यावा लागेल. तो निर्णयही संवर्धनकार्य म्हणून अहवालात नोंदवला गेला, तर ‘पडीक’ या शब्दाची पकड सैल होण्यास प्रारंभ होईल.